जेठाणी (नाव नाही)

लिंबायत, सुरत
९ जून २०२५

चि. सौ. नूतन हिस,
मोठ्या जावेचे आशीर्वाद.

आशीर्वाद अशासाठी, की पत्राच्या माथ्यावर ते लिहावेच लागतात आणि पारोळ्याच्या शाळेत पत्रलेखनात माझा नंबर कधी चुकला नाही. त्याच्या खालचं मात्र मनापासून लिहिते आहे.

तू फोनावर फोन केलेस, मी उचलले नाहीत. यांच्या फोनवर केलास तेव्हा मी शेजारीच साड्यांना लेस लावत बसले होते आणि मीच यांना खूण केली की मी भाजीला गेले आहे असं सांगा. कारण मी देव्हाऱ्यातल्या कानबाईपुढे दिवा लावून बोलून बसले आहे, की दिल्लीच्या त्या भिंतीवर माझं नाव लागेपर्यंत नूतनशी तोंडाने एक शब्द बोलणार नाही. पत्राला तोंड नसतं, म्हणून पत्र. लिंबायतहून इच्छापोर ते काय लांब, एका सुरतेतच की. तिकीट चिकटवताना पोस्टातल्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. पण शपथ ती शपथ.

तुझ्या हर्षदाने घरच्या ग्रुपवर तो फोटो टाकला, तिथून हे सुरू झालं. आधी मी गोधडी ओळखली. आपली गोधडी, संग्रहालयाच्या केवढ्या पांढऱ्या भिंतीवर, वरून तिच्यावर दिवा सोडलेला. मला बरं वाटलं. खरंच वाटलं, हे लिहून ठेवते, कारण पुढे कुणी विचारणार नाही. मग फोटो बोटांनी मोठा केला आणि खालची पाटी वाचली. हिंदीत होती, आणि हिंदी मला येतं. 'नूतन धर्मेंद्र बोरसे, सूरत, और उनकी जेठानी (नाम नहीं).'

नाव नाही म्हणजे काय गं? माझं बारसं झालं नव्हतं? जेठाणी म्हणजे मोठी जाऊ एवढं दिल्लीवाल्यांना बरोबर कळलं, तिला नाव असतं हे तेवढं कळायचं राहिलं. मी तिथल्या तिथे ग्रुप सोडला. यांनी विचारलं काय झालं, तर मी म्हटलं की ज्या घरात मला नाव नाही त्या घराच्या ग्रुपात माझं काय काम.

तू विसरली असशील तर आठवण करून देते. हर्षदा पोटात होती तेव्हा आपण दोघी याच खोलीत ती गोधडी शिवायला बसलो. आतलं अस्तर सासूबाईंच्या नऊवारीचं, वरचे तुकडे यांनी कामावरून, लूमच्या खात्यातून आणलेले कटपीस. आपल्या घरची रीत अशी, की थोरली उजव्या अंगाने बसते, धाकटी डाव्या, आणि दोघी शिवत शिवत आत येऊन मध्ये भेटतात. उजवी बाजू माझी आहे. म्हणजे त्या भिंतीवर निम्मी मीच टांगलेली आहे, बिननावाची.

शेजारच्या इंदुबाई सकाळीच गुजराती पेपर घेऊन आल्या. त्यात तुझा फोटो. केस मोकळे सोडलेत, बरे दिसतात. इंदुबाईंनी अगदी गोड विचारलं, की ही देराणी तुमचीच ना, मग ती जेठाणी कोण म्हणायची? मी म्हटलं असेल कुणीतरी.

तर सांगायचं ते एवढंच. माझं नाव लाव, नाहीतर गोधडी उतरवून आण. श्रावणात कानबाई आपल्याकडे बसेल. तिच्या नैवेद्याच्या रोटाची कणिक दोन्ही सुनांनी एका परातीत मळायची असते. तोवर नाव लागलं नाही तर यंदा परातीत दोनच हात असतील, आणि ते माझे असतील.

लोभ असावा असं लिहायचं असतं. सध्या घरात आहे तेवढ्यात भागव.

तुझी
जेठाणी (नाव नाही)


इच्छापोर
१४ जून २०२५

ती. जाऊबाईंस,
नूतनचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमन दारात उभा राहिला तेव्हा मला वाटलं कोर्टाची नोटीस आली. वाचून झाल्यावर वाटलं, नोटीस बरी होती. हे रात्रपाळीहून येऊन झोपले होते, त्यांना उठवून वाचून दाखवलं. त्यांनी कूस बदलली आणि म्हणाले की वहिनीचं बरोबर आहे.

बरोबर आहेच. पण झालं कसं ते ऐका. हर्षदा बडोद्याला हॉस्टेलवर ती गोधडी घेऊन गेली होती. संग्रहालयाच्या कोणी बाई कॉलेजात मुलांची कामं बघायला आल्या आणि त्यांना मुलांच्या चित्रांपेक्षा तिच्या खाटेवरची गोधडी आवडली. त्यांचं मोठं प्रदर्शन लागणार होतं, देशभरातल्या पांघरुणांचं. बंगालची कांथा, राजस्थानची राली, बिहारची सुजनी, आणि त्यात खानदेशची गोधडी त्यांच्याकडे नव्हतीच. हर्षदाने मला विचारलं, मी हो म्हटलं. तुम्हाला विचारायला हवं होतं, ते राहिलं.

पुढे त्यांचा मला फोन आला तेव्हा मी दळण घेऊन गिरणीत उभी होते. बाई हुशार आहेत हो. म्हणाल्या, या गोधडीत दोन हात दिसतात, एकीचा टाका बारीक आहे, एकीचा मोठा, तर दुसरा हात कुणाचा. मी सांगितलं, जेठाणीचा. त्यांनी नाव विचारलं आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं. मांडवातून निघताना आईने सांगितलं होतं की नवऱ्याचं, जेठाचं आणि जेठाणीचं नाव जिभेवर आणायचं नाही. तुम्हाला माहीत आहे, मी आजवर आणलेलं नाही. मी माझ्या हिंदीत म्हटलं की हमारे में नाम नहीं लेते. गिरणीचा पट्टा एवढा धडधडत होता की त्यांना मधलं 'नाम नहीं' तेवढं पोचलं.

पाटी पाहिली तेव्हा मीच आधी घाबरले. हर्षदाने लगेच त्यांना तुमचं नाव कळवलं. पण त्यांचं म्हणणं असं, की काही बायकांना आपलं नाव भिंतीवर नको असतं आणि ते आम्ही पाळतो, तेव्हा 'नाव नाही' ज्यांनी सांगितलं त्यांनीच आता नाव सांगावं. मी फोन लावला. 'मं' पर्यंत आले. पुढे येईना. जाऊबाई, हसू नका, घसा खरंच बंद झाला.

गोधडी मजेत आहे. दिल्लीला नेल्यावर आधी ती मोठ्या फ्रीजमध्ये ठेवली, कापडात किडा असेल तर मरावा म्हणून. मग पांढरे हातमोजे घालून टांगली. तिच्या कोपऱ्याला नंबराची पट्टी शिवली आहे. प्रदर्शन उठलं तरी ती आता तिथेच राहणार, त्यांच्या संग्रहात. उतरवून आणता येणार नाही.

लोभ पातळ झाला तरी चालेल, तुटू देऊ नये, ही विनंती.

तुमची
नूतन


लिंबायत
१९ जून २०२५

चि. नूतन हिस,
आशीर्वाद, मागच्याइतकेच.

तुझं पत्र दोन दिवस गल्लीत फिरत होतं. पाकिटावर तू काय लिहिलंस ते आठव. 'थोरलं घर, कडुनिंबासमोर, लिंबायत.' पोस्टमन चार दारं ठोठावून शेवटी इंदुबाईंकडे गेला आणि त्यांनी त्याला माझं नाव सांगितलं. इंदुबाईंच्या तोंडातून ते किती सहज आलं म्हणे. कुणाचा घसा बंद झाला नाही.

आईने सांगितलं होतं म्हणतेस. तुझ्या आईने हेही सांगितलं होतं की जेठाणीआधी जेवायला बसू नये. ते तू पहिल्याच महिन्यात विसरलीस आणि मी कधी बोलले नाही. मान मला द्यायचा होतास तर घरात द्यायचास, दिल्लीत नाव द्यायचं होतंस. तुम्हा लोकांचं उलटं. 'मं' पर्यंत आलीस म्हणून मी आता आनंद मानू का? माझा अनुस्वार दिल्लीला आणि बाकीची मी इथे लेस लावत बसलेली.

आणि गोधडी फ्रीजमध्ये? किडे मरायला? आपल्या गोधडीत किडे? दर दिवाळीला मी ती कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळून ठेवायची. तुम्ही वेगळे झाल्यावर कशी ठेवत होतीस ते मला माहीत नाही, पण माझ्या अर्ध्या भागात किडा निघालेला नाही हे त्या बाईंना कळव.

प्रदर्शनाचं माहितीपत्रक हर्षदाने यांच्या फोनवर पाठवलं, ते मी वाचलं. त्यात गोधडीच्या मध्याचं फार कौतुक आहे. दोन्हीकडून येणाऱ्या ओळी मध्ये एकमेकींना भेटत नाहीत, शेजारून निघून जातात, तर त्यात म्हणे मोठं धाडस आहे. मी वाचून मोठ्याने हसले आणि मग हसणं थांबलं, कारण ते कौतुक तुझ्या एकटीच्या नावावर जमा झालेलं. धाडस कसलं? त्या आठवड्यात आपला अबोला होता. वांगी रंगाचा तो रेशमी तुकडा तुला हवा होता आणि मला हवा होता. तू तो तुझ्या बाजूला लावलास, मी न बोलता शिवत राहिले, तूही, आणि मध्यावर आलो तरी दोघींपैकी एकीनेही ओळ वळवली नाही. वांगी तुकडा अजून डाव्या अंगाला आहे. फोटोत दिवा नेमका त्याच्यावर पडतो.

मीही आता गोधडी घातली आहे. एकटीची. कटपीस यांना सांगून वांगी रंगाचेच आणवले, भरपूर. उजवी बाजू मीच शिवणार आणि डावीही मीच. पुरी झाली की दिल्लीला पाठवीन, पाटीवर काय लिहायचं ते मी स्वतः सांगेन.

पोरीला जपा. धर्मेंद्रभाऊजींना म्हणावं रात्रपाळीत ताक पिऊ नये.

लोभ दाराआड ठेवला आहे, घाईने शोधू नकोस.

तुझी
जेठाणी (अजून नाव नाही)


इच्छापोर
२६ जून २०२५

ती. जाऊबाईंस,
सा. न.

आज वि. वि. लिहीत नाही, विनंती करून मी थकले आहे.

एक बातमी आहे, ती दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी. संग्रहालयाने सगळ्या गोधडीवाल्यांना दिल्लीला बोलावलं आहे. अकरा जुलैला त्यांच्या सभागृहात कार्यक्रम आहे. येणंजाणं विमानाचं, सोबत एक माणूस. मी हर्षदाला नेते आहे. तुम्हाला विचारणार होते. पण तुम्ही माझ्याशी बोलत नाही, आणि विमानात माझ्या शेजारी बसून तुम्ही मला चिठ्ठ्या लिहिणार का?

तुम्हाला माझ्या एका पाटीचा हेवा वाटतो. माझा हेवा तुम्ही कधी विचारलात? कानबाई थोरल्या घरी बसते. सासूबाईंची पोत थोरल्या गळ्यात. लिंबायतमध्ये भाजीवाल्यापासून लेसच्या शेठपर्यंत सगळ्यांना तुमचं नाव पाठ आणि मी बोरश्यांच्या घरची धाकटी. रेशनच्या दुकानात मला कुणी कधी नूतन म्हणून हाक मारली नाही. पेपरात नाव आलं तेव्हा ते मी दोनदा वाचलं, आधी वाटलं दुसरीच कुणी आहे. तुमचं नाव मी घेत नव्हते, तरी सगळी गल्ली घेत होती. माझं नाव घ्यायला कुणाला मनाई नव्हती, तरी कुणी घेतलं नाही. आता दिल्लीतल्या एका भिंतीने घेतलं, तर तेही तुम्हाला खुपलं.

आणि गोधडीचं म्हणाल तर ती मी मागितली नव्हती. आम्ही इच्छापोरला सामान हलवलं त्या दिवशी तुम्हीच ती घडी करून टेम्पोत ठेवलीत, हर्षदाला थंडी वाजेल म्हणालात आणि आत निघून गेलात. मी टेम्पोत बसून दाराकडे बघत होते. तुम्ही एकदा बाहेर येऊन 'जाऊ नका' म्हणाला असतात, तर मी उतरले असते. ह्यांना मी तसं सांगूनही ठेवलं होतं, की वहिनी म्हणाल्या तर मी येणार नाही. तुम्ही आलाच नाहीत. म्हणून ती गोधडी मी कधी पांघरली नाही. हर्षदाने हॉस्टेलवर नेईपर्यंत पेटीत ठेवली, कडुनिंबाच्या पाल्यात, तुम्ही ठेवायचात तशीच. ती एवढी नवी राहिली आणि दिल्लीला आवडली, ती त्यामुळे.

तुम्ही वांगी रंगाची एकटीची गोधडी घाला. सुखाने घाला.

लोभ ठेवायचा की नाही, तुम्ही थोरल्या आहात, तुम्हीच ठरवा.

नूतन


लिंबायत
१ जुलै २०२५

चि. नूतन हिस,
आ.

पत्र पोचलं. उत्तर लिहायला बसले होते, जमलं नाही. लेसचं काम फार आलं आहे.

विमानात कानात कापूस घाल, इंदुबाईंच्या सुनेचे कान फार दुखले होते. दिल्लीला चांगली साडी नेस, ती जांभळ्या काठाची. मला तिचा हेवा आहेच, आता आणखी एका गोष्टीचा झाला तर बिघडत नाही.

मं.


दिल्ली
१२ जुलै २०२५

ती. मोठ्या आईस,
हर्षदाचा सा. न. वि. वि.

हे वि. वि. म्हणजे काय ते मला माहीत नाही, आईने लिहायला लावलं. हाताने पत्र मी पहिल्यांदाच लिहिते आहे. तू फोन उचलत नाहीस, ग्रुपवर नाहीस, आणि जे झालं ते तुला काकांच्या फोनवरून कळावं असं मला वाटत नाही. आईने स्वतः लिहावं असं मी म्हटलं, तर ती काल रात्रीपासून कुणाकडे बघायलाच तयार नाही, नव्या नवरीसारखी लाजते आहे.

आधी गोधडीचं सांगते. दालन थंडगार आहे आणि उजेड अगदी मंद, कापडाचा रंग उडू नये म्हणून. समोर दोरी लावली आहे. आई गेली ती सरळ दोरी ओलांडून आत, आणि तुझ्या बाजूचा एक टाका वर आला होता तो बोटाने दाबायला लागली. रखवालदार धावला. तिने त्याला सांगितलं की ही बाजू माझी नाही, जेठाणीची आहे, ती मला बोल लावेल. त्याला काही कळलं नाही, पण तो घाबरला. मग ती बाजूला उभी राहून बघत बसली. तिने मला विचारलं की आता ही कुणाच्या अंगावर कधीच पडणार नाही का. मी नाही म्हटलं.

संध्याकाळी कार्यक्रम. बंगालच्या एक बाई, राजस्थानच्या दोघी, सगळ्यांनी आपापलं सांगितलं. आईची पाळी आली. तिने जांभळ्या काठाची साडी नेसली होती, छान दिसत होती (तुला राग येईल, पण दिसत होती). संग्रहालयाच्या बाईंनी माइकवर सांगितलं की या गोधडीत दोन हात आहेत, आणि दुसऱ्या हाताने आपलं नाव न देणं पसंत केलं आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठी आई, लोकांनी तुझ्या नाव नसण्याला टाळ्या वाजवल्या. आईचा चेहरा उतरला.

तिने माइक घेतला आणि तो दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मला वाटलं आता रडते. बाई कागदपेन घेऊन वाट बघत होत्या. मग आईने डोक्यावर पदर घेतला, पाटावर बसल्यासारखी मान खाली घातली, आणि चक्क उखाणा घेतला. मराठीत. भर दिल्लीत.

तुकड्याला तुकडा जोडला, टाका पडला लांब,
मंगलाबाईंचं नाव घेते, लिहिणाऱ्या बाई, थांब.

कुणालाच काही कळलं नाही. मागे नाशिककडचे एक आजोबा होते, त्यांनी तेवढी दाद दिली. मग मी उठून हिंदीत सांगितलं की आमच्याकडे ज्यांना मान द्यायचा त्यांचं नाव घेत नाहीत, आणि घ्यायचंच झालं तर असं नटवून घेतात, तेही एरवी फक्त नवऱ्याचं. बाईंनी सगळं लिहून घेतलं. त्या आईची माफी मागायला आल्या, तर आईच त्यांना म्हणाली की चूक गिरणीच्या पट्ट्याची आहे. रात्री ती मला म्हणाली की लग्नात बाबांचं नाव घेताना एवढा घाम फुटला नव्हता.

आज सकाळी नवी पाटी लागली. फोटो पाठवते, काकांकडून बघ. तुला आता हे विचारायचं असणार की कुणाचं नाव आधी. तर त्यांच्याकडे नावं अक्षरांच्या क्रमाने लागतात. हिंदी पाटीवर 'न' आधी येतो, म्हणून आई पहिली. इंग्रजी पाटीवर एम आधी येतो, म्हणून तू पहिली. मी यात काही केलेलं नाही, दोघींची शपथ.

आईचंही एक पाकीट वेगळं पोस्टात टाकते आहे. त्यात काही नाही, नुसतं पाकीट आहे. तिने पत्ता लिहिला आणि म्हणाली की एवढं पुरे.

माझ्यावरचा लोभ तरी या भांडणातून वगळलेला असावा.

तुझी
हर्षदा


लिंबायत
१९ जुलै २०२५

चि. सौ. नूतन हिस,
मंगलाचे अनेक आशीर्वाद. या वेळी मोजले नाहीत.

पाकीट मिळालं. 'सौ. मंगला बन्सीलाल बोरसे.' तुझ्या हातचं माझं नाव मी पहिल्यांदा बघितलं. 'ग' चा दांडा केवढा लांब काढतेस. पोस्टमन सरळ माझ्या दारात आला, इंदुबाईंना विचारावं लागलं नाही, त्यामुळे त्यांनाच आत बोलावून दाखवलं.

हर्षदाचं पत्र यांनी मोठ्याने वाचलं. उखाण्यापाशी आले आणि चष्मा पुसत बसले, तेव्हा मी कागद घेतला आणि पुढचं मीच वाचलं. आता गल्लीभर झालं आहे. पलीकडच्या घरातल्या प्रमिलाबाईंच्या नातसुनेने तर तो उखाणा पाठ केला, तिला वाटतं तो दिल्लीहून आला आहे.

तुला एक विचारायचं आहे. नाव घेतलंस ते घेतलंस, पण 'टाका पडला लांब' कशाला म्हणालीस? एवढ्या लोकांत? देशभरातल्या शिवणाऱ्या बायका बसलेल्या, त्यांच्यापुढे? 'थांब' शी जुळवायला दुसरं काही नव्हतं का, 'खांब' होता, 'जांब' होता. माझा टाका गव्हाच्या दाण्याएवढा आहे, तो लांब नाही. तुझा तांदळाच्या कणीएवढा म्हणून तुला तसं वाटतं. हे मी मनात ठेवणार आहे.

इंग्रजी पाटीचा फोटो मी मोठा करून आणायला सांगितला आहे, बाहेरच्या खोलीत लावणार. हिंदी पाटी तू तुझ्याकडे लाव. आमच्याकडे येणाऱ्याला इंग्रजी येत नसलं तरी पहिलं नाव कुणाचं ते मी बोट ठेवून दाखवीन.

आता माझ्या गोधडीचं. पुरी झाली नाही, होणारही नाही. उजवी बाजू झरझर झाली. मग उठून डाव्या अंगाला बसले, आणि शिवू लागले तशी मध्ये झोळ पडायला लागला. उसवली, परत शिवली, परत झोळ. मला वाटलं कापडात खोट आहे. मग लक्षात आलं. समोरून दुसरीने मांडीखाली दाबून धरल्याशिवाय गोधडी ताठ राहत नाही. आपला अबोला होता तेव्हासुद्धा तू समोरून दाबून धरलं होतंस, म्हणून ओळी चुकल्या पण झोळ पडला नाही. वांगी रंग एवढा घातला, तरी नुसता ढगासारखा दिसतो. वांगी रंग थोडाच असावा, एका कोपऱ्यात, तुझ्या बाजूला होता तसा. त्याचा हेवा अजून गेलेला नाही. विमानात खिडकीची जागा मिळाली होती की नाही, तेही सांगू नकोस.

शपथ सुटली आहे. कानबाईपुढे दिवा लावून तिला सांगितलं. तरी फोन केला नाही, कारण जे लिहायचं आहे ते मला तोंडाने येत नाही. 'मं' पर्यंत येऊन घसा बंद होतो म्हणालीस तेव्हा मी हसले होते. आता माझा बंद झाला आहे. तुमचा टेम्पो उभा होता तेव्हा मी आत गॅसपाशी उभी होते आणि दूध तापत ठेवलेलं नव्हतं, नुसता गॅस चालू होता. मला वाटलं धाकटी आहे, तिचं तिला घर हवं असेल, थोरलीने आडवं येऊ नये. आणि मला तुझा हेवाही वाटत होता, नवं घर, नळाला चोवीस तास पाणी. दोन्ही खरं आहे.

तीन ऑगस्टला रविवारी कानबाई बसेल. तू शनिवारीच ये, रोटाचे गहू निवडायचे आहेत. परात मी घासून ठेवली आहे, मोठी. नावाने मात्र हाक मारू नकोस हं, एकदा घेतलंस ते पुरे. लोक म्हणतील देराणी डोक्यावर बसली. जाऊबाईच म्हण.

सोमवारी तापीवर विसर्जन झालं की भाऊजी नेहमी गाडीची घाई करतात. टेम्पोच्या दिवशी म्हणायचं राहिलं ते आता लिहून देते, म्हणजे तुझ्याकडे राहील. जाऊ नका. निदान ही गोधडी पुरी होईपर्यंत तरी जाऊ नका. डावी बाजू मी सगळी उसवून तुझ्यासाठी मोकळी ठेवली आहे. माझ्या बाजूनेही परत सुरुवात केली आहे, आणि या वेळी टाके अगदी बारीक घालते आहे, तुझ्याहून बारीक. लवकर संपू नये म्हणून.

लोभ दोघींनी आपापल्या अंगाने आणावा आणि या खेपेला तरी मध्ये भेटावा.

तुझी
जेठाणी (नाव आहे)